दोऱ्याखालची काळी मान

संतपूरच्या आम्हा लिंगायतांच्या अनुभव मंटपात दर सोमवारी संध्याकाळी माझा नवरा पुन्हा एकदा मरतो. त्याला मारतो माझा धाकटा दीर, बसवेश.

वचनं म्हणून झाली, आरती झाली, की बसवेश माइक हातात घेतो आणि दारूबंदीवर बोलतो. बोलणं कुठूनही सुरू झालं तरी येऊन थांबतं ते एकाच जागी. "माझा सख्खा अण्णा, गुरप्पा. गळ्यात लिंग आणि पोटात दारू. लिव्हर सडलं, पोट घागरीएवढं झालं, आणि भर उमेदीत माझ्या मांडीवर प्राण सोडला." बाया पदर डोळ्याला लावतात, दोन-चार पुरुष माना खाली घालतात, आणि मी, त्या गुरप्पाची बायको नेत्रावती, खांबाला टेकून बसलेली असते. सगळे माझ्याकडं अशा नजरेनं बघतात की उठून जावंसं वाटतं. उठत नाही, कारण उठले तर म्हणतील, बघा, कसं झोंबलं.

आता खरं सांगते. माझ्या मुलाचे, अमरनाथचे अप्पा दारू पीत नव्हते. मी त्यांच्या शेजारी झोपत होते, वास मला आला नसता? तुरीची पोती घेऊन ते हैदराबादला जायचे, ड्रायव्हर-हमालांत बसायचे, यायला उशीर व्हायचा, एवढ्यावरून गावानं ठरवून टाकलं. पाय सुजायला लागले तेव्हा आम्ही त्यांना परगावी दवाखान्यात नेलं. तिथला पहिलाच प्रश्न होता, किती पिता? ते पीत न्हाई म्हणाले, तर डॉक्टर नुसते हसले. पुढं पोट ताणून चकचकीत झालं, त्यावर निळ्या शिरा दिसायला लागल्या, आणि शेवटी शेवटी ते मलाच अव्वा, म्हणजे आई, म्हणून हाक मारायला लागले. शुद्ध होती त्या एका सकाळी त्यांनी गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मी थेंबाला शिवलो नाही. सासूबाई रडत म्हणाल्या, जाताना तरी खोटं बोलू नको रे. मी त्यांच्या बाजूनं बोलले, तर बायको नवऱ्याचं झाकणारच, असं म्हणून माझंच तोंड बंद केलं.

माझा एकुलता एक मुलगा अमरनाथ हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. तो दिवाळीला येतो आणि सोमवार उजाडायच्या आत निघून जातो. कामून, म्हणून मी कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

बसवेश वाईट माणूस नाही, हेही सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता, चड्डीचं बटण माझ्याकडून लावून घ्यायचा. आता बी-बियाण्याचं दुकान आहे, गावात मान आहे, जाडजूड देह आहे. अण्णा गेल्यावर मला आणि अमरनाथला त्यानं कधी काही कमी पडू दिलं नाही. त्याची बायको पवित्रा मला अक्का म्हणते आणि चूल अजून एकच आहे. त्या एका सोमवारच्या भाषणासाठी मला त्याचा जीव घ्यावासा वाटतो, बाकी सहा दिवस तो माझा लेकच.

औंदा बसवजयंतीला त्यानं मंटपात तपासणी शिबिर भरवलं. पोटाचा फोटो काढायचं मशीन बीदरहून आलं होतं. लोक त्या टेबलावर झोपायला घाबरत होते, म्हणून बसवेश स्वतःच आधी सदरा वर करून झोपला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मशीनवाल्या डॉक्टरांनी त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं, त्याचं हसू तिथंच गोठलं, मग तो उठला आणि पुढच्या माणसाला बोलवायला लागला. मला वाटलं, पोटाला चिकट जेल लावतात ते गार लागलं असेल.

दुसऱ्या दिवशी त्यानं घरात जाहीर केलं की त्याला कावीळ निघाली आहे.

आमच्या भागात काविळीची लाज कुणाला वाटत नाही. ती पाण्यातून येते, राजालाही होते आणि रंकालाही. काविळीवर काय करायचं हे तर पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. तेल बंद, हळद बंद, तिखट बंद. उसाचा रस, गुळाचं पाणी, मनुका, ग्लुकोजची पावडर. आणि ठाणाकुशनूरच्या श्रीमंत नावाच्या वैदूचा हिरवा काढा अनशापोटी. श्रीमंतच्या वाडवडिलांपासून ते औषध चालत आलंय, तो पैसे घेत नाही, नारळ घेतो. गावाला बातमी कळली आणि आमच्या ओट्यावर रसाच्या कळशा यायला लागल्या. मंटपातल्या बाया हुग्गी घेऊन आल्या. गव्हाची खीर, गूळ घातलेली, वरून तूप. बसवेशअप्पांना ताकद यायला पाहिजे, म्हणाल्या.

आणि बसवेशनं सगळं खाल्लं. आम्हा लोकांत ताटात पडलं ते प्रसाद असतं. ते टाकायचं नाही. ताट बोटांनी निपटायचं, पाणी घालून धुवायचं आणि ते पाणीसुद्धा पिऊन टाकायचं. बसवेश तर याच गोष्टीसाठी प्रसिद्ध होता. कुणाच्याही घरी जेवायला गेला की वाढणारी थकायची, पण तो नको म्हणायचा नाही.

मी मात्र त्याचे डोळे बघत होते. कावीळ मी जवळून बघितली आहे, नवऱ्याच्या डोळ्यांत हळद कालवल्यासारखं झालं होतं. बसवेशचे डोळे पांढरेशुभ्र होते. नखं पांढरी होती. पवित्राला मी हळूच विचारलं, तर ती म्हणाली, आतली कावीळ आहे म्हणे अक्का. आतली कावीळ मी जन्मात ऐकली नव्हती. मग मी त्याचे पाय बघायला लागले. तो ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसला की मी झाडायच्या निमित्तानं वाकायची आणि घोटे सुजलेत का ते बघायची. सुजलेले नव्हते. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायची.

रस पिऊन तो सुधारेल असं सगळ्यांना वाटत होतं. तो सुधारत नव्हता. तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा आणि सारखा लघवीला पळायचा. दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या डुलकी काढायचा. तोंड उतरलं, पण पोट तसंच राहिलं. ते पुढं आलेलं पोट आणि वाळत चाललेले दंड बघून माझी झोप उडाली. हेच चित्र मी आधी एकदा पाहिलं होतं. त्याही वेळी असाच रस यायचा, अशीच ग्लुकोजची पावडर चमच्यानं भरवायचो.

एकदा दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी त्याच्यासमोर जाऊन बसले. खरं काय हाय ते सांग, म्हणाले. तो वजनकाटा पुसत राहिला. कावीळच आहे वैनी, उतरायला वेळ लागतो, म्हणाला. मी पाठ फिरवली तेव्हा तो हळूच म्हणाला, "वैनी, अण्णाचं पोट दुखायचं का हो सुरुवातीला?"

मी म्हणाले, नाही. काहीच दुखत नव्हतं. ते ऐकून त्याचा चेहरा असा पडला, की मी पुढं काही विचारलंच नाही. आता भीती आमच्या दोघांची झाली होती, पण तिचं नाव घ्यायला दोघंही तयार नव्हतो.

त्यानंतरच्या सोमवारी तो मंटपात बोलायला उभा राहिला. पवित्रा नको म्हणत होती. "माझा सख्खा अण्णा, गुरप्पा," एवढं तो बोलला आणि थांबला. पुढचं वाक्य गावातल्या पोरांनासुद्धा पाठ आहे, त्याला कसं आठवेना? त्यानं माझ्याकडं बघितलं. ओठांवरून जीभ फिरवली. मग माइकसकट खाली बसला आणि बसल्या जागी आडवा झाला.

बीदरपर्यंत जीपमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पवित्रा पुढच्या सीटवर बसवण्णाचं नाव घेत होती. तो मध्येच डोळे उघडायचा आणि पाणी मागायचा. मी त्याला सारखी विचारत होते, मी कोण? अमरनाथचे अप्पा मला ओळखेनासे झाले तिथून शेवट सुरू झाला होता, म्हणून. तो म्हणायचा, वैनी. मी थोड्या वेळानं पुन्हा विचारायची. गाव सुटलं की रस्ता खराब आहे, प्रत्येक खड्ड्याला वाटायचं की आता विचारलं तर तो अव्वा म्हणेल.

दवाखान्यात डॉक्टर होती प्रेरणा. ठाणाकुशनूरच्या तात्याराव मास्तरांची मुलगी. मास्तर आयुष्यभर घरातल्या बाबासाहेबांच्या फोटोखाली पोरांना फुकट शिकवत बसले, त्यातलीच ही एक. तिनं आधी बसवेशच्या रक्तातली साखर बघितली आणि नर्सला भराभर सूचना दिल्या. सलाईन लागलं, सुया टोचल्या. तो जरा शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं की गेल्या चार-सहा आठवड्यांत काय काय खाल्लंप्यायलं. पवित्रानं सांगितलं. रस, गूळपाणी, ग्लुकोज, मनुका, हुग्गी, काढा. डॉक्टरीण आमच्याकडं बघतच राहिली. "काका, तुम्हाला साखरेचा आजार हाय आणि तुम्ही साखरच पीत होता. कावीळ कुणी सांगितली?"

बसवेशनं भिंतीकडं बघत शिबिरातली गोष्ट सांगितली. मशीनवाल्या डॉक्टरांनी कानात सांगितलं होतं की लिव्हरवर चरबी बसली आहे, पुढं तपासून घ्या. लिव्हरचं निघालं म्हटल्यावर गाव काय म्हणेल, हे त्याला शिबिराच्या टेबलावरच कळलं होतं. दारूबंदीवाला बसवेश स्वतःच पितो. म्हणून त्यानं काविळीचं नाव पुढं केलं. काविळीचा काढा लिव्हरलाच असतो, तेव्हा आतून बरं होईल आणि कुणाला कळणार नाही, असा त्याचा हिशोब.

"तुम्ही पिता?" डॉक्टरणीनं विचारलं.

"लिंगाची आण, न्हाई."

तीच आण, तशीच खाट, तसाच वर केलेला तळहात. मला वाटलं, आता ही पोरगी हसणार. ती हसली नाही. ती म्हणाली की आण कशाला घेता, दारू न पिणाऱ्यांनाच हे जास्त निघायला लागलंय. पोटाचा घेर वाढलेला, बसून काम, साखर, भरपूर गोड आणि भात, घराण्यात असलं काही असलं तर आणखीनच. लिव्हरमध्ये चरबी साठते, मग तिथं सूज येते, मग काही जणांचं लिव्हर हळूहळू कडक होत जातं. शेवटपर्यंत ते दुखत नाही, म्हणून कुणी येत नाही. बोलता बोलता तिनं बसवेशची कॉलर मागं केली आणि मानेवरून बोट फिरवलं.

"ही मान कधीपासून काळी हाय?"

पवित्रा म्हणाली, ते लिंगाच्या दोऱ्यानं झालंय, घामानं दोरा घासतो. आमच्यात सगळे असंच समजतात. बसवेशच्या मानेच्या घड्या काळ्या मखमलीसारख्या दिसायच्या, पवित्रा त्याला लिंबू चोळायची, दोरा बदलायची, तरी जात नव्हतं. डॉक्टरणीनं मला जवळ बोलावलं, माझा पदर जरा बाजूला केला आणि माझी मान बघितली.

"मावशी, दोरा तर तुमच्या बी गळ्यात हाय. तुमची कुठं काळी हाय?"

मी माझ्या मानेवरून हात फिरवला. ती समजावून सांगायला लागली की अंगात साखर नीट वापरली जात नाही तेव्हा मानेची कातडी अशी होते, तिचा दोऱ्याशी संबंध नाही, खूप जणांत हीच पहिली खूण असते. मला मात्र माझ्या नवऱ्याची मान दिसत होती. तशीच काळी, तशीच जाड. मी लग्नानंतर दर रविवारी ती दगडानं घासायची आणि ते ओरडायचे. त्यांचंही पोट पुढं आलेलं होतं. त्यांनाही शेवटी शेवटी साखर निघाली होती, पण दारूच्या बोभाट्यात ती कुणी मोजलीच नाही.

डॉक्टरीण विचारत होती, घरात आणखी कुणाला लिव्हरचं होतं का. बसवेशनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाला, "अण्णाला. पण ते दारूनं..." वाक्य त्यानं तिथंच सोडलं.

"पीत होते?"

मी म्हणाले, "न्हाई. कधीच न्हाई."

तिनं मला सगळं नीट विचारून घेतलं. मग ती म्हणाली की जुने कागद नसताना ती छातीठोकपणे काही सांगणार नाही, पण मी जे सांगितलं ते दारूशिवायही अगदी तसंच होऊ शकतं. एवढंच. पण इतक्या वर्षांत मला एवढंसुद्धा कुणी दिलं नव्हतं. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

लिव्हर किती कडक झालंय ते बघायचं मशीन दुसऱ्या दवाखान्यात होतं. बसवेश तिथं आत गेला आणि आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. ती वेळ मी शत्रूलाही देणार नाही. पवित्रा माझा हात धरून विचारत होती, अक्का, भावजींना कसं झालं होतं, मला सांगा, मला आधी कळू दे. मी काय सांगणार? निळ्या शिरा सांगू, की मला अव्वा म्हणाले ते सांगू? मी म्हणाले, प्रत्येकाचं वेगळं असतं. मी खोटं बोलत होते आणि तिलाही ते कळत होतं.

त्याहून मोठी भीती मी तिला सांगितलीच नव्हती. अमरनाथ कॉलेजला गेल्यावर त्यानं लिंगाचा दोरा काढून ठेवला. मला वाईट वाटलं होतं, पण वयच तसं असतं म्हणून गप्प बसले. मागच्या दिवाळीला अभ्यंगस्नानाला मी त्याच्या मानेला उटणं लावलं. मान काळी होती. मी बेसन घेऊन घासलं, तो म्हणाला, आई सोड, कातडं निघंल. दोरा नसताना मान काळी कशी, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. आता त्या बाकावर बसल्या बसल्या ते मनात आलं.

बसवेशचं लिव्हर थोडं कडक झालेलं निघालं. डॉक्टरीण म्हणाली की वेळ गेलेली नाही, पण आता चालढकल केली तर जाईल. लिव्हर स्वतःला दुरुस्त करून घेतं, फक्त त्याच्यावरचं ओझं काढायला पाहिजे. काढा त्या दिवसापासून बंद, कारण त्यात काय असतं कुणाला ठाऊक, आणि काही पाल्यांनी लिव्हर उलट बिघडतं. रस, गूळ, सरबत, बाटलीतली थंड पेयं बंद. साखरेच्या गोळ्या चालू. भाकरी चालेल, पण पोट भरायच्या आधी हात थांबला पाहिजे. डाळ, पालेभाजी, मोड आलेलं कडधान्य जास्त, भात आणि तेल कमी. रोज पायी चालायचं. वजन उतरवायचं, पण सावकाश, उपाशी राहून नाही. आणि दर काही महिन्यांनी तपासायला यायचं. याला जादूची गोळी नाही, ती म्हणाली, तुमचं ताट हेच औषध. "आणि घरातल्या रक्ताच्या माणसांना बी एकदा तपासून घ्या."

घरी आल्या आल्या मी अमरनाथला फोन लावला. तपासून घे, म्हणाले. तो म्हणाला, आई मी ठीक हाय, मीटिंग हाय, नंतर बोलतो. नंतर फोन उचलला नाही. मी रोज लावायची. तो रोज, काम हाय, म्हणायचा. मला रोज त्याची मान दिसायची.

बसवेश पहाटे उठून चालायला लागला. पण त्यानं आम्हाला बजावलं की बाहेर कावीळच सांगायची. मी भांडले. म्हणाले, कावीळ सांगितलीस तर रस येतच राहणार, आणि आलेला प्रसाद तू टाकणार नाहीस, मग दवाखान्यात कशाला गेलो आपण? तो म्हणाला, "वैनी, खरं सांगितलं तर अण्णाचं बी सांगावं लागंल." हे त्यानं तोंडानं कबूल केलं आणि उठून दुकानात गेला. मी तिथंच बसून राहिले. म्हणजे त्याला कळलं होतं. कळूनही तो गिळत होता, जसा तो ताटातलं सगळं गिळत होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा खात्री वाटली की हा मरणार. आजारानं नाही, भिडेनं.

अमरनाथचे अप्पा लिंगैक्य झाले, म्हणजे गेले, त्या तिथीला दरवर्षी बसवेश मंटपात दासोह, म्हणजे गावजेवण, घालतो आणि जेवणाआधी भाषण करतो. औंदा त्यानं भाषण केलं नाही, घसा बसलाय म्हणाला. पंगत बसली. मी बायकांच्या रांगेत, बरोबर त्याच्या समोर. जंगम शिवय्या स्वतः हुग्गी वाढत येत होते. तो डाव, तो गूळ, वरचं तूप, सगळं मला दिसत होतं. बसवेशनं माझ्याकडं बघितलं. मी नजर काढली नाही. डाव त्याच्या ताटावर आला आणि त्यानं दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

शिवय्या थांबले. गावात असं कधी झालं नव्हतं. "बसवेश, प्रसादाला न्हाई म्हणायलास?"

"टाकायचा न्हाई म्हणून घेत न्हाई," बसवेश म्हणाला. मग तो उठून उभा राहिला. माइक नव्हता, पण शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. "मला कावीळ न्हाई. माझ्या लिव्हरला चरबी हाय. मी दारू पीत न्हाई, तुमाला म्हायीत हाय. अण्णा बी पीत नव्हता. त्यानं आपल्याला लिंग हातात घेऊन सांगितलं होतं. मी ऐकलं न्हाई, आणि दर सोमवारी त्याला इथं उभा केला. तुमी कुणी कावीळ म्हणून रस पाठवू नका. पोट सुटलंय, मान काळी पडलीय, साखर हाय, ते सगळे तपासून घ्या."

कुणीतरी पाण्याचा तांब्या खाली ठेवला, तो आवाज आला. शिवय्यांनी डाव बादलीत ठेवला, वाटीभर वरण बसवेशच्या ताटात घातलं आणि पुढं गेले. मी जेवले. माझ्या ताटातली हुग्गी मी शेवटच्या कणापर्यंत खाल्ली, ताट धुतलं, ते पाणी प्यायले. माझ्या नवऱ्याच्या नावाचा प्रसाद मला पहिल्यांदा गोड लागला.

पंगत उठल्यावर मंटपाच्या पायरीवर बसून बसवेशनं अमरनाथला फोन लावला. माझ्या फोनवरून नाही, स्वतःच्या. स्पीकरवर ठेवला. त्यानं फिरवून सांगितलं नाही. "अमरनाथ, तुझा अप्पा पीत नव्हता. आज पंगतीत सगळ्यांसमोर सांगितलं. मला बी तेच निघालंय. तू तपासून घे बाबा."

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.

"काका, मला निघालंय," अमरनाथ म्हणाला. "कंपनीच्या तपासणीत. दिवाळीच्या आधीच."

बसवेशचा हात आपोआप स्वतःच्या मानेवर गेला. "मग सांगितलं कामून न्हाईस? तुझी आई रोज फोन करायलीय."

"सांगितलं असतं तर सोमवारी अप्पाच्या नावामागं माझं नाव आलं असतं."

बसवेशनं फोन माझ्या हातात दिला आणि तोंड फिरवलं. मी एवढंच विचारलं, की डॉक्टरला दाखवलंस का. तो म्हणाला, न्हाई. मग, आई, भ्या वाटायलंय, म्हणाला. लहानपणी विहिरीत उतरताना म्हणायचा तसं.

मी त्याला सांगितलं की उद्या पहिल्या बसनं येते, तू फक्त मला घ्यायला ये, बाकी आपण बघू. वेळ गेलेली नाही, म्हणाले. डॉक्टरणीचं ते वाक्य मी त्याला सांगत होते, पण त्याचं लिव्हर अजून कुणीच मशीनखाली बघितलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

फोन ठेवला तेव्हा बसवेश अजून पाठमोरा बसला होता. दोऱ्याखालची ती काळी मान मला सरळ दिसत होती. "वैनी," तो वळून न बघता म्हणाला, "मी बी येऊ का?"

मी त्याला नको म्हणाले नाही.